सर्व्हरची भाषा मराठी असावी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता आमच्या दैनिकाच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयात सर्व्हरची भाषा ठरली. बैठकीला चार माणसे होती. इतिवृत्त मी लिहिले. त्याला आता दीड वर्ष झाले.

चौघांपैकी एक व्यवस्थापक. छपाई, वितरण आणि माणसे, तिन्ही त्यांच्याकडे. दुसरे पुण्याहून आलेले सल्लागार, पस्तिशीचे, बोलताना मध्येच थांबून समोरच्याला कळले का ते बघणारे. तिसऱ्या ताई. चौथा मी, उपवृत्तसंपादक. संगणकातले काही कळत नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेणार नाही, अशा हिशेबाने मला समितीत घेतले होते.

ताईंना कार्यालयात कोणी नावाने हाक मारत नसे. त्या आल्या तेव्हा तालुक्यांच्या बातम्या हाताने लिहून फॅक्सने यायच्या आणि ताई त्या टाइप करायच्या. पुढे फॅक्स बंद होणार असे दिसल्यावर त्यांनी एका क्लासला नाव घातले, पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या, आणि वार्ताहरांना ब्राउझरमधून बातमी पाठवता येईल अशी प्रणाली स्वतः लिहिली. सिल्लोड, पैठण, कन्नड, वैजापूर, सगळ्या तालुक्यांच्या बातम्या चौदा वर्षे त्यातूनच आल्या. ताईंची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होती. एक महिन्याचा खंड देऊन पत्र पुन्हा निघे. पत्रावर पदाचे नाव होते : पीएचपी प्रोग्रामर.

आता नवी प्रणाली हवी होती. जुन्या प्रणालीत वार्ताहर एका चौकटीत मजकूर लिही, बटण दाबी, आणि बातमी आमच्या टेबलावर येई. पानावर ती कशी बसली, किती कापली गेली, हे त्याला दुसऱ्या दिवशी अंक हातात आल्यावर कळे. नव्या प्रणालीत वार्ताहराला पानच दिसणार होते. तो लिहीत जाईल तसा मजकूर कॉलमात भरत जाईल, जास्त झाला तर लाल होईल, आणि आम्ही इथे एक वाक्य कापले तर त्याला तिथे त्याच क्षणी दिसेल. एका पानावर एका वेळी दहा माणसे काम करतील. सल्लागार याला रिच ॲप्लिकेशन म्हणत. व्यवस्थापक सुरुवातीला याचा अर्थ महाग असा घेत होते.

पडद्यावर दिसणारा भाग कोणत्या भाषेत लिहायचा याबद्दल वाद नव्हता. वाद होता मागच्या बाजूचा, सर्व्हरचा. सल्लागारांनी तो फोनच्या उदाहरणाने सांगितला. ताईंची पीएचपी ज्या पद्धतीने लिहिली आहे, ती एका प्रश्नाचे उत्तर देते आणि फोन ठेवते. पुढचा प्रश्न आला की पुन्हा नंबर लावायचा. नोड म्हणून जे आहे, म्हणजे सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट, ती फोन ठेवतच नाही. जावाचेही नाव यादीत होते. जावाची माणसे आपल्याकडे टिकत नाहीत, पुण्याला जातात, असे व्यवस्थापक पहिल्याच बैठकीत म्हणाले आणि जावा वगळली गेली. सल्लागार पुण्याहून आले होते. त्यांनी यादीतले नाव खोडले.

राहिल्या दोन. पीएचपी राहिली तर ताई राहणार होत्या. नोड आली तर पीएचपी प्रोग्रामर या पदाचे काय, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. करार जुलैअखेर संपत होता. ताईंच्या घरात त्यांचा पगार एकटाच होता, हेही सगळ्यांना माहीत होते.

वार्ताहरांचे मत घ्या, असे व्यवस्थापकांनी मला सांगितले. मी परिपत्रक काढले. त्यातले वाक्य असे होते : "नव्या प्रणालीसाठी सर्व्हरची भाषा कोणती असावी, याबाबत आपले स्पष्ट मत दोन दिवसांत कळवावे."

उत्तरे दुसऱ्याच दिवशी आली. पैठणच्या वार्ताहराने लिहिले, "सर्व्हरची भाषा मराठीच असावी. हिंदी लादू नये. सक्ती झाल्यास बातम्या पाठवणे बंद करू." सिल्लोडहून आले, "मराठी चालेल, पण साधी. शासकीय नको." वैजापूरने विचारले, "सर्व्हर म्हणून कोण आले आहेत? कुठे बसतात?" बाकीच्यांनी एका शब्दात उत्तर दिले होते, आणि तो शब्द एकच होता.

व्यवस्थापकांनी सगळी उत्तरे वाचली, कागद माझ्याकडे सरकवला. "वा. संपादकीय विभाग," एवढेच म्हणाले.

ताईंनी तो कागद मागून घेतला. वाचताना त्यांचे खांदे हलत होते. "सर, चुकीचं काय लिहिलंय त्यांनी?" त्या म्हणाल्या आणि कागद वहीत ठेवून दिला.

मग चाचणी ठरली. सल्लागारांनी नोडमध्ये आणि ताईंनी पीएचपीमध्ये एकच पडदा तयार करायचा. मुदत तीन आठवडे. चाचणीसाठी सिल्लोडचा वार्ताहर निवडला, कारण त्याच्याकडे रेंज सगळ्यात वाईट आणि बातम्या सगळ्यात लांब. त्याचे बाजार समितीजवळ खतांचे दुकान आहे. काउंटरवर बसून तो कापूस आणि मक्याचे भाव पाठवतो. चाचणीच्या दिवशी तो फोनवर होता, फोन स्पीकरवर होता, आणि आम्ही इकडे पडद्यासमोर.

आधी ताईंची पाळी.

"ताई, मी 'मक्याची आवक वाढली' लिवलंय. तिकडं काय दिसतंय?"

"'मक्याची' दिसतंय."

"आवक?"

"नाय अजून."

"आवो, आवक येऊ द्या की! बाजारात आली, तुमच्याकडं यीना व्हय?"

"येतीये, दादा. वाटंत चौक्याच्या घाटात हाय."

व्यवस्थापकही हसले. 'आवक' दिसायला वेळ लागला. तेवढ्यात दादांनी पुढची दोन वाक्ये लिहिली होती आणि ती एकदम आली, पहिले वाक्य दोनदा. ताई पडद्याकडे बघत राहिल्या. हसणे थांबले होते.

मग सल्लागारांचा पडदा. पलीकडे बोट दाबले की इकडे अक्षर उमटत होते.

"ह्ये लई भारी हाय," फोनमधून आवाज आला. "बोट उचलायच्या आदीच पोचतंय. ताई, राग मानू नका बरं."

"राग कशाला? मलाबी दिसतंय."

ताईंनी त्या तीन आठवड्यांत काय काय करून बघितले, ते मला नंतर कळले. पीएचपीतही फोन न ठेवण्याच्या पद्धती आहेत. त्यांनी त्यातली एक लावून पाहिली होती. पण चौदा वर्षांचा जुना मजकूर आणि जुने नियम तिच्यावर चढवले की ती बंद पडत होती. सगळे नव्याने लिहायचे तर तीन आठवडे पुरणारे नव्हते आणि माणूस एकच होता.

निर्णयाची बैठक त्या मंगळवारची. सुरू होण्याआधी ताईंनी विचारले, पाचपर्यंत संपेल का, आज आमच्याकडं नळ आहे. हर्सूलला त्यांच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांनी येते, आणि भरायला घरी दुसरे कोणी नसेल तर तेही जाते. व्यवस्थापकांनी संपेल असे सांगितले. कूलर चालू होता, त्याचा आवाज मोठा होता, म्हणून दोनदा बंद करून पुन्हा लावला.

व्यवस्थापकांनी दोन्ही प्रणालींतून काढलेल्या पानांच्या प्रिंट मागवल्या होत्या. त्यांना पडद्यावर वाचलेले खरे वाटत नाही. प्रिंट माझ्यासमोर आल्या. हातात लाल पेन होते, सवयीने वाचायला लागलो. ताईंचे पान नीट होते. नोडच्या पानावर दुसऱ्या ओळीत 'शेतकर्यांना' होते. चौथ्या ओळीत 'व्यापार्यांनी'. खाली 'अधिकार्यांच्या'. एका बातमीत सात खुणा झाल्या.

मराठी बातमीत शेतकरी, व्यापारी, अधिकारी, कर्मचारी आणि पुढारी नाहीत असा दिवस नसतो. या प्रत्येकाला प्रत्यय लागला की 'ऱ्या' येतो. तो 'र्या' झाला तर आमच्याकडे ती प्रुफाची चूक धरत नाहीत, माणसाची धरतात.

मी पान व्यवस्थापकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"हे काय?"

"फॉन्टचा इश्यू असेल," सल्लागार म्हणाले. त्यांनी लॅपटॉपवर फॉन्ट बदलला. 'शेतकर्यांना' तसेच राहिले. दुसरा बदलला. तसेच.

"म्हणजे तुमच्या ह्या नव्या भाषेला मराठी येत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"तसं नाही सर, एक मिनिट..."

"आणि ताईंच्या भाषेला येते. पान समोर आहे." त्यांनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. "पैठणवाला हेच सांगत होता ना? सर्व्हरची भाषा मराठी असावी. हळू चाललं तर चालेल, पण उद्या 'शेतकर्यांना' छापून आलं तर मालक मला विचारतील. मग जुनंच ठेवू या. सर, लिहून घ्या."

मी पेन उघडले होते. सल्लागार लॅपटॉपच्या पडद्यात बघत होते, त्यांना अजून सापडले नव्हते. घड्याळात चारला पाच मिनिटे कमी होती. मी ताईंकडे पाहिले. त्यांनी सल्लागारांचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला होता आणि त्या एकेक ओळ वर सरकवत होत्या. हे किती वेळ चालले ते मी मोजले नाही.

"लिहू नका सर," त्या म्हणाल्या.

"का?" व्यवस्थापकांनी विचारले.

"भाषेचा दोष नाय हा. अक्षर गळालंय."

मग त्यांनी ते कागदावर काढून दाखवले. आपल्या कळफलकावर 'ऱ्या' टाइप केला की र, मोडका पाय आणि या, यांच्यामध्ये एक खूण जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती आहे तोवर 'ऱ्या'. ती गेली की 'र्या'. नोडच्या प्रणालीत आलेला मजकूर साफ करणारा प्रोग्रामचा एक तयार तुकडा बाहेरून आणून बसवला होता. जे दिसत नाही ते कचरा, असे धरून तो ही खूण काढून टाकत होता.

"ही ओळ," ताईंनी पडद्यावर बोट ठेवले. "हिला सांगायचं, 'य'च्या आधी आली तर ही खूण सोड. मलाबी पहिल्या वर्षी हेच झालं होतं. पीएचपीत. तेव्हा सर, तुम्हीच ओरडला होता माझ्यावर."

मला आठवत नव्हते. सल्लागारांनी ओळ बदलली, पान पुन्हा काढले. 'शेतकऱ्यांना' आले. 'व्यापाऱ्यांनी' आले.

व्यवस्थापकांनी चष्मा काढून ठेवला. मग ताईंना म्हणाले, "म्हणजे तुमचं मत काय?"

"नवीन घ्या."

"नक्की?"

"सिल्लोडचे दादा चार वर्षं मला म्हणतायत, ताई हळू हाय, ताई हळू हाय. मी ठिगळाला ठिगळ लावतीये. आता कापडच नाय राहिलं साहेब."

"जुने नियम?"

"मी लिहून देते. सगळे."

सव्वाचार वाजता निर्णय झाला : सर्व्हरसाठी नोड. उठता उठता व्यवस्थापक म्हणाले, "ताईंना सामावून घेऊ. त्यांची काळजी नको." हे आम्ही तिघांनी ऐकले. साडेचारला ताई पाण्यासाठी निघाल्या. मी जिन्यापर्यंत बरोबर गेलो आणि विचारले, गप्प बसला असता तर?

"सहा महिन्यांनी कुणाला तरी सापडलंच असतं, सर. मग मी तोंड कुठं लपवलं असतं?" स्कूटरची चावी शोधता शोधता त्या म्हणाल्या. "आणि सिल्लोडचा फोन मला येतो. तुम्हाला नाय येत."

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा मसुदा व्यवस्थापकांकडे नेला. शेवटचा मुद्दा मी असा लिहिला होता : "संबंधित प्रोग्रामर यांना नव्या प्रणालीच्या कामात सामावून घेण्यात येईल." त्यांनी पेन घेतले, 'घेण्यात'च्या जागी 'घेण्याबाबत' केले, पुढे 'विचार करण्यात' एवढे घातले आणि मसुदा परत दिला.

"वरून विचारलं तर उत्तर द्यावं लागतं हो," ते म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं."

सांगायची गरज नव्हती. सरकारी प्रसिद्धिपत्रके वाचण्यात माझी तीस वर्षे गेली होती. टेबलावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट शिकवत आलो : 'करण्यात येईल' ही बातमी आहे, 'विचार करण्यात येईल' ही बातमी नाही, ते वाक्य कापा. मी ते वाक्य टाइप केले आणि चार प्रती काढल्या.

ताईंनी सही करण्याआधी इतिवृत्त शेवटपर्यंत वाचले. बाकी कोणी वाचले नव्हते.

"सर, ही ओळ तुमची का त्यांची?"

"त्यांची."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि सही केली.

जून महिना वहीत गेला. दोनशे पानी लाँग बुक होते. एकेक नियम, त्याला क्रमांक, खाली उदाहरण. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात आणताना कोणते जोडाक्षर कशाचे होते. कोणत्या वार्ताहराचा फोन 'ॲ'च्या जागी काय पाठवतो. एकशे अडुसष्टावा नियम शहराच्या नावाचा होता. नाव बदलल्यावर जुन्या अंकांच्या साठ्यात एकदम सगळीकडे बदल केला गेला आणि बिहारमधले औरंगाबादही दोन दिवस छत्रपती संभाजीनगर झाले होते. तो नियम कोणी मागितला नव्हता. एकूण नोंदी दोनशे बारा झाल्या.

वही लिहून झाल्यावर ताईंनी जुना मजकूर बदलून घेणारा भाग नव्या भाषेत स्वतः लिहिला. जावास्क्रिप्ट त्या पडद्यासाठी आधीपासून लिहीतच होत्या, सर्व्हरच्या बाजूने कधी लिहिली नव्हती. सल्लागारांनी तो भाग तपासून जसाच्या तसा घेतला. ताईंना ठेवून घ्यावे, असा ईमेल त्यांनी व्यवस्थापकांना पाठवला. त्याची प्रत मला होती. पुढे मी व्यवस्थापकांना एकदा विचारले.

"पद पीएचपीचं आहे," ते म्हणाले. "पीएचपीच नाही राहिली, तर पद कुठलं? नवीन पद मंजूर करून आणावं लागेल."

"मग आणायचं?"

"विचार चालू आहे."

मी त्यानंतर विचारले नाही.

करार जुलैच्या शेवटच्या दिवशी संपला. त्या दिवशी ताईंनी सर्व्हरच्या खोलीची चावी माझ्याकडे दिली, कारण व्यवस्थापक बाहेर गेले होते. वही टेबलावर ठेवली. परिपत्रकाच्या उत्तरांचा तो कागद अजून तिच्यात होता. तो त्यांनी काढून पर्समध्ये घातला. खंडाचा एक महिना दरवर्षीच असे, त्यामुळे ऑगस्टमध्ये कोणी काही बोलले नाही. सप्टेंबरमध्ये पत्र निघाले नाही. नकाराचेही निघाले नाही.

नवी प्रणाली दिवाळीनंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी सिल्लोडची बातमी पान तीनवर पूर्ण बसली, एकही वाक्य कापावे लागले नाही. दादांनी स्वतः चार ओळी कमी केल्या होत्या. त्यांनी फोन केला तेव्हा ताई कुठे आहेत असे विचारले. मी सांगितले. "आसं व्हय," ते म्हणाले. नंतर बराच वेळ मक्याबद्दल बोलले.

डिसेंबरमध्ये पैठण रस्त्यावर लग्नाच्या लोकांचा टेम्पो उलटला. कोणी दगावले नाही. बातमी पाचव्या पानावर होती आणि मथळ्यात 'वर्हाडाचा टेम्पो उलटला' असे छापून आले. 'ऱ्या' सांभाळला जात होता, 'ऱ्ह' गळत होता. सल्लागारांचा पुण्याहून फोन आला. वहीत हा नियम सापडत नाही, ताईंना विचारता का, असे त्यांनी मला विचारले. स्वतः फोन करायला त्यांना अवघड वाटत होते.

मी सकाळी अकरा वाजता फोन लावला. मागे मुलींचे आवाज येत होते. हर्सूलला घराच्या पुढच्या खोलीत ताई संगणकाची शिकवणी घेतात. मी मथळा वाचून दाखवला.

"'ह'ची फाईल वेगळी होती," त्या म्हणाल्या. "वहीत घ्यायची राहिली. माझी चूक. वही हाय का समोर?"

"आहे."

"मग लिहा. दोनशे तेरा."

त्यांनी सांगितले, मी लिहिले. उदाहरणासाठी वऱ्हाड, कुऱ्हाड आणि गुऱ्हाळ हे तीन शब्द दिले. मी नोंद परत वाचून दाखवली. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली.

"पत्राचं काही..." मी म्हणालो.

"सर, ठेवू का? नळ आलाय."

नोंदीचा फोटो काढून मी सल्लागारांना पाठवला. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर 'वऱ्हाडाच्या टेम्पोचा चालक ताब्यात' ही दोन कॉलमांची बातमी आली. 'ऱ्ह' बरोबर होता.